बापाच्या चाकूचा खटका

मी चाकू दातांनी उघडायचो. हौस म्हणून नव्हे. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडलो, डाव्या हाताचं मनगट वेडंवाकडं जुळलं आणि तेव्हापासून त्या हाताची तीन बोटं नावालाच राहिली. त्या हातानं शिडी कवटाळता येई, ताट धरता येई. पण पात्याच्या खाचेत नख घालून ओढायचं म्हटलं की बोटांनी हात टेकलेच.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. गोंदियात तेव्हा जिकडे पाहावं तिकडे राईस मिलची धुराडी होती. त्यातल्याच एका मिलमध्ये मी पट्ट्यांचं काम करायचो. वर छपराखाली एक लांबलचक फिरता दांडा, त्याच्यावर लाकडी चाकं, आणि प्रत्येक चाकावरून खालच्या यंत्राकडे उतरणारा चामड्याचा पट्टा. पट्टा तुटला की शिडीवर चढायचं, दोन्ही टोकं जुळवायची, चामड्याच्या वादीनं शिवायची आणि उरलेली वादी चाकूनं छाटायची. डावा हात शिडीला, उजव्या हातात चाकू, मग तो उघडायला उरले दात. पुढच्या दाताचा कोपरा असाच एकदा उडाला. मिलचा मिस्त्री हिंदी मुलखातला, तोंडानं फटकळ. खालून ओरडायचा, "अरे, पहले चाकू घिसेगा कि तेरे दाँत?"

चाकू बापाचा होता. बाप दरेकसाच्या लाकूड डेपोत कामाला होता, तेव्हा डोंगरगडच्या जत्रेतून त्यानं तो आणला होता. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ आणि घासून घासून पातळ झालेलं पातं. बाप गेला तेव्हा आईनं त्याच्या कोपरीच्या खिशातून तो काढला आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. चाकू हातातून हातात देत नाहीत आमच्याकडे, भांडण होतं म्हणतात. मी तो उचलला आणि खिशात टाकला. 

आईची पाच बाळंतपणं त्या चाकूवर झाली होती. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवायची रीत आहे, वाईटसाईट काही जवळ येऊ नये म्हणून. कुणी विळा ठेवतं, कुणी अडकित्ता. आमच्या घरी हा चाकू, कारण तो मिटतो आणि लेकराला लागायची भीती नसते. "पाच झाले, पाचही जगले," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्या काळात ते सांगण्यासारखंच होतं.

दाताचा कोपरा उडाल्यावर मात्र माझ्या मनानं घेतलं की हा चाकू आपोआप उघडला पाहिजे. एका रविवारी मिल बंद असताना मी तो खोलला. मोडक्या छत्रीतला खटका, भिंतीवरच्या घड्याळाची तुटकी कमान, कानस आणि भरपूर शिव्या, एवढ्यावर दिवस गेला. पात्याच्या बुडाशी खाच पाडताना कानशीचा पहिला घास लोखंडाला लागला, तेव्हा छातीत चर्र झालं. बापानं हा चाकू दर अमावास्येला तेल लावून पुसलेला मी पाहिला होता. पण एकदा सुरुवात केल्यावर थांबतो कोण? संध्याकाळी अंगठ्यानं खटका दाबला. टक्. पातं बाहेर. खरं सांगतो, लग्नाच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. मिटवायचो आणि पुन्हा टक्.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तो चाकू फिरवून फिरवून पाहिला. म्हणाला, "बढ़िया है. पर बाजार में मत निकालना, पुलिस गुंडा समझ के अंदर कर देगी." मग खटक्यावर बोट ठेवून म्हणाला, "ये ऊँचा रह गया. घिस दे थोड़ा. कहीं अपने आप दब गया तो?"

मी म्हणालो, वर छपराखाली अंधार असतो, खटका न बघता अंगठ्याला लागला पाहिजे, म्हणून मुद्दाम उंच ठेवलाय. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो लागला नाही, यावरून काय ते समजा.

घरी मी कुणाला काही कळू दिलं नाही. खटक्याचा चाकू म्हणजे स्टेशनामागच्या दादा लोकांचं हत्यार, असंच लोक समजत. पण खरी गोष्ट निराळी होती. बापाच्या चाकूला कानस लावली, हे आईच्या डोळ्यांत बघून सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून घरी मी तो पूर्वीसारखाच दातांनी उघडायचो. म्हणजे सगळं नाटक. पातं दातांत धरायचं आणि अंगठ्यानं हळूच खटका दाबायचा. एकदा ओठ कापला. आई म्हणाली, "येवढे वर्स झाले, अजून तुले चाकू उघडता येत नाई." मी मान खाली घालून आंबा कापत राहिलो.

त्या वर्षी धान मिलमध्ये येऊन पडायला लागलं त्या दिवसांत माझ्या बायकोचे दिवस भरले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या माहेरी बाईमाणूस कुणी उरलं नव्हतं. म्हणून ते आमच्याच घरी. पहाटे कळा सुरू झाल्या, सुईण आली, दुपार होत आली तरी सुटका होईना. मी अंगणात खांबाला टेकून बसलो होतो.

तेव्हा आईनं घरातल्या गाठी सोडायला घेतल्या. बाई अडली की घरात काही बांधलेलं, काही कुलपात ठेवायचं नाही, तिची गाठ सुटत नाही मग. आईनं ट्रंकेचं कुलूप काढलं. बायकोची वेणी सोडली, स्वतःचा अंबाडा सोडला. तांदळाच्या पोत्याची सुतळी सोडली, गाईचं दावं सोडलं. गाय सरळ मोहल्ल्यात चालती झाली. मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुया करदोडा सोड." मी सोडला, सोबत पायजम्याची नाडीही सोडली, आणि पायजमा हातानं धरून उभा राहिलो. मग ती दारातून म्हणाली, "बाबू, चाकू ठेव इथी."

 तोपर्यंत हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. पाच लेकरांची गोष्ट शंभरदा ऐकलेला मी, सहाव्यांदा तोच चाकू मागितला जाणार हे मला सुचू नये? त्याच वेळी सांगायला हवं होतं. "माय, हा ठेवू नको, विळा ठेव," एवढंच. पण मग तिनं विचारलं असतं, काऊन? आणि आतून बायकोचं ओरडणं ऐकू येत होतं. मी घराच्या मागे गेलो, खिशातली चामड्याची वादी काढली, मिटलेल्या चाकूभोवती चार वेढे मारले आणि करकचून गाठ बांधली. मग तो उंबऱ्यावर ठेवला. आईनं घाईघाईत उचलला आणि आत गेली.

सगळ्या घराच्या गाठी डोळ्यांदेखत सुटत होत्या आणि मी एक नवी गाठ बांधून आत पाठवली. इतकी अक्कल.

घटकाभरातच मुलगी झाली. सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं, आणि मी पायजम्याला गाठ न मारताच गाय शोधायला धावलो. आनंदात माणसाला काही सुचत नाही. परत आलो तेव्हा दाराशी सोडलेल्या दोऱ्यांचा ढीग पडला होता. त्यात सुतळी होती, वेणीची रिबीन होती, दावं होतं, आणि सगळ्यात वर माझी चामड्याची वादी होती.

मी ती वादी उचलून खिशात घातली. म्हणजे चाकूची गाठ सुटली आहे, हे मला कळलं होतं. ते मला कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही. पुढचे पाच दिवस बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही. मी दाराबाहेरून विचारायचो, "सगळं ठीक आहे ना?" आई म्हणायची, "ठीकच आहे, तुले काऊन येवढी कारजी?" उद्या सांगू, उद्या सांगू करत मी पाच दिवस काढले. खटका धरून आहे, असं स्वतःला सांगत होतो. माझ्या हातच्या कामावर माझा फार विश्वास होता.

पाचव्या दिवशी सकाळी, संध्याकाळच्या पाचवीच्या पूजेसाठी आई अंगण सारवत होती. बायकोनं लेकराला जवळ घ्यायला उशीवर कोपर टेकवलं. बाहेर मला आवाज ऐकू आला. टक्. तो आवाज मी कुठंही ओळखला असता. त्याच्यामागून लेकराचा टाहो.

पातं उशीच्या कडेतून बाहेर आलं होतं आणि मुलीच्या उजव्या कानाची वरची कड घेऊन गेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी. चार बोटं इकडे असतं तर डोळा, आणि चार बोटं खाली असतं तर गळा. हे गणित मी आजही करतो. त्या वयाच्या लेकराचं रक्त किती असतं, पण सगळं टोपडं लाल झालं होतं. आईनं हळद दाबली, रक्त थांबलं, लेकरू हुंदके देत दूध प्यायला लागलं. मी रीतभात विसरून दारात उभा होतो.

मग आईनं उशी उचलली. चाकू सताड उघडा पडला होता.

"मिटलेलाच ठेवला होता मीनं," ती म्हणाली. "माया हातानं ठेवला होता, मिटलेला."

लेकराला न्हाऊ घालायला आलेली सुईण दोन पावलं मागे सरली. "बाप्पा! मंग उघडला कोनं?"

आईनं चाकूकडे पाहिलं. आणि मग तिचा चेहरा बदलला. ती रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. बाप गेल्यापासून दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"थो आला होता," ती म्हणाली. "हिचा आजा. आज पाचवा दिवस. न्यायले आली असन कोनी, लेकराले कानाले धरून ओढत असन. यानं चाकू उघडला अन् हात छाटला तिचा."

त्याच वेळी बोलायचं होतं. मी उंबऱ्यावरच होतो. मी स्वतःची समजूत घातली की आईचा नवरा तिला दोन वर्षांनी परत मिळालाय, तो मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ? ही समजूत अगदीच खोटी नव्हती. पण तिच्याखाली दुसरी गोष्ट होती, आणि ती म्हणजे निव्वळ भीती. पोटच्या पोरीचा कान कापला आणि बाप घाबरला, दुसरं काही नाही.

दुपारपर्यंत ते मोहल्लाभर झालं. बायका रांगेनं यायला लागल्या. आई टोपडं बाजूला सारून प्रत्येकीला कान दाखवायची. "हे पाह्य. आज्याचा हात लागला आहे इथी." बायका त्या इवल्याशा कानाला बोट लावून कपाळाला लावायच्या. मी मिलमध्ये गेलो की तिथंही तेच. एक मिस्त्री तेवढा काही म्हणाला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, विडी पेटवली आणि दुसरीकडे बघत ओढत राहिला. त्याच्या त्या न बोलण्याइतकी चपराक मला आजवर कुणी मारलेली नाही.

चाकू मला परत मिळाला नाही. आईनं तो लाल फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. मी मिलसाठी बाजारातून दुसरा साधा चाकू आणला आणि पुन्हा दातांनी उघडायला लागलो. आमच्या घरची सगळी प्रगती ती एवढीच.

मग चाकू लोकांकडे जायला लागला. आधी शेजारची सून अडली तेव्हा तिची सासू हात जोडून आली. आईनं चाकू सुपात ठेवून स्वतः नेला. दुसऱ्यांदा स्टेशनजवळच्या एका घरी. प्रत्येक वेळी तो कुणाच्या तरी लेकराच्या डोक्याखाली पाच दिवस आणि पाच रात्री.  त्या दिवसांत शिडीवर असताना खाली कुणी काही आपटलं की मी दचकायचो. एकदा तर पट्टा शिवायचा सोडून तसाच उतरलो आणि त्या स्टेशनजवळच्या घरासमोरून उगाच दोनदा चालत गेलो. आत लेकरू रडत होतं. लेकरं रडतातच, पण ते गप्प होईपर्यंत माझा पाय तिथून निघाला नाही.

आईला आडून सांगून पाहिलं. "माय, जुना चाकू आहे, ढिला झाला असन. कोनाले देत नको जाऊ." ती म्हणाली, "तुया बाप ढिला नोता कधी." झालं. आता बापाला ढिला म्हणायचं की स्वतःला?

शेवटी बायकोला सांगितलं. एका दुपारी ती लेकराला न्हाऊ घालत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं. छत्रीचा खटका, वादी, ढिगात सापडलेली वादी. ती ऐकत राहिली. लेकराचं अंग पुसलं, त्याला धुरी दिली, गुंडाळलं. मग म्हणाली, "माया लेकराचा कान कापला, अन् तुमी इतके दिवस आज्याच्या गोष्टी ऐकत बसले?" मी लेकराच्या कानाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मायले सांगा. नाई त मी सांगीन. दुसऱ्याच्या लेकराचा गळा कापल्यावर सांगाल का?"

मी म्हणालो, सांगतो. आणि सांगितलं नाही. आई त्या दिवसांत गुणगुणायला लागली होती. सकाळी ट्रंक उघडायची, फडकं सोडायची, काहीतरी पुटपुटायची, पुन्हा ठेवायची. एक वेळ जेवणारी बाई दोन वेळ जेवायला लागली होती. दर सकाळी मी बोलायच्या तयारीनं उठायचो आणि तिला ट्रंकेसमोर बसलेली बघून मिलला निघून जायचो.

एके संध्याकाळी घरी आलो तर आई नव्हती. बायको म्हणाली, "दरेकसाले गेली, दुपारच्या गाडीनं. मामाची सून अडली म्हने. चाकू घेऊन गेली." मग माझ्याकडे न पाहता तिनं भाकर थापायला घेतली आणि म्हणाली, "सकाळची गाडी आहे. जायचं त जा, नाई त हिचा कान पाहत बसा."

सकाळच्या पॅसेंजरनं मी निघालो. सालेकसा गेलं की डोंगर जवळ येतात, जंगल रुळांपर्यंत येतं. लहानपणी बापाबरोबर मी त्या गाडीच्या खिडकीत बसून गेलेलो. त्या दिवशी मला काही दिसत नव्हतं. दरेकसाला उतरून मामाचं गाव अर्ध्या तासाच्या वाटेवर. तेवढं मी धावतच गेलो, आणि धावताना एकच विनवणी करत होतो, आज तो खटका दबू नये.

अंगणात मामा बसला होता, शेजारपाजारचे पाचसहा लोक होते. आतून बाईच्या कण्हण्याचा आवाज येत होता. अजून सुटका झाली नव्हती. मामा म्हणाला, "अरे, काऊन धावत आला? घरी बरं आहे ना?"

 मी दाराशी जाऊन ओरडलो, "माय! चाकू बाहेर काढ!"

आतून आईचा आवाज आला, "येडा झाला का? बाई अडून रायली अन् उशाचं लोखंड काढू?"

"त्याले खटका बसवला आहे मीनं!" मी म्हणालो.  "छत्रीचा खटका. दाबला की उघडते. त्या दिवशी कोनी आलं नोतं, माय. ना कोनी न्यायले आलं, ना बाप आला. पोरीचा कान मीच कापला."

  मग दार उघडलं. आईच्या हातात सूप होतं आणि सुपात लाल फडक्यावर चाकू. तिनं सूप माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"दाखव," ती म्हणाली.

मी चाकू उचलला. अंगठ्यानं खटका दाबला. टक्.

"अजून."

मी मिटवला आणि पुन्हा दाबला. टक्. ती पात्याकडे पाहत नव्हती, माझ्या अंगठ्याकडे पाहत होती. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही, मीच दाबला. का ते माहीत नाही. कदाचित तिनं मला थांबवावं म्हणून.

"म्हनून बांधला होता तुनं त्या दिवशी?" ती हळूच म्हणाली. "वादीनं?"

"हो. वाटलं, बांधलेला राहीन."

तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग ते हात लुगड्याला पुसले, कोरडे होते तरी. माझ्याकडे पाहून म्हणाली, "गरीब चाकू होता थो. तुनं त्याले खोटं बोलाले शिकवलं." मामानं वळचणीचा विळा काढून पुढे ठेवला, तो घेऊन ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

आत ती अडलेली बाई ओरडायला लागली, "चाकू कुठी नेला? मले चाकू पाहिजे." तिची सगळी हिंमत त्या चाकूत होती आणि मी ती काढून घेतली होती. दुपार कलल्यावर तिला मुलगा झाला. रडायला उशीर केला त्यानं, आणि तेवढा वेळ अंगणातल्या प्रत्येक माणसानं माझ्याकडे पाहिलं. मग तो रडला. 

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली.  सालेकसा आल्यावर बाहेर बघतच म्हणाली, "रोज बोलत होती मी त्याच्यासंग. पोरीनं डोळे उघडले, पोरगी हसली, सारं सांगत होती. आता कायसंग बोलू? छत्रीच्या खटक्यासंग?" मी तिचा हात धरायला गेलो. तिनं हात पदरात घेतला.

त्या रविवारी मी चाकू खोलून खटका आणि कमान काढून टाकली. पूर्वीसारखा तो झाला नाही. खाच राहिलीच, आणि पातं थोडं डुलायला लागलं. तेल लावून, पुसून आईसमोर जमिनीवर ठेवला. तिनं उचलला नाही. शेवटी बायकोनं तो फळीवर ठेवला आणि तिथंच तो गंजला.

मोहल्ल्यात आईनं काहीच सांगितलं नाही. कुणी चाकू मागायला आलं तर म्हणायची, "थो आता नाई." लोकांनी आपापल्या परीनं अर्थ लावले. मीही गप्प राहिलो. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. पण एक बदल मला टोचायचा. पूर्वी येईल त्याला मुलीचा कान दाखवणारी आई आता टोपडं कानावर ओढून ठेवायची, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटायचं, ती माझ्यावर रागावली आहे, माझं पाप तिला बघवत नाही. तो राग मला पटत होता. त्याच्या आधारानं मी दिवस काढत होतो.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा तिचे कान टोचायला सोनाराला घरी बोलावलं. मोहल्ल्यातल्या बायका जमल्या, गुळाचा खडा, हळद, सगळं मांडलं. आईनं मुलीला मांडीवर घेतलं. सोनारानं टोपडं काढलं आणि उजव्या कानाची तुटकी कड बघून थांबला.

"हे काय झालं, आजी?"

"आज्यानं वाचवलं होतं तिले," एक शेजारीण उत्साहानं सांगायला लागली. आईनं तिला हातानं थांबवलं.

"कोनी वाचवलं नाई," आई म्हणाली. "माया हातानं झालं. लेकानं गाठ बांधून देली होती, मीनं सोडली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारीचं काहीतरीच, असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र मामाच्या अंगणातलं ते सूप दिसलं, आणि कोरडे हात लुगड्याला पुसणारी आई दिसली. इतके महिने मी समजत होतो की ती माझ्यावर रागावली आहे, आणि ती एकटीच आपल्या दहा बोटांना शाप देत बसली होती. बाई अडल्यावर गाठ सोडली, एवढाच तिचा गुन्हा. तो तिनं लेकराच्या टोपड्याखाली झाकून ठेवला होता.

मला उठून सांगायचं होतं की माय, गाठ तुझी नव्हे, खटका माझा. मामाच्या अंगणात मी ते ओरडून बोललो होतो. इथं, रोज तोंड दाखवायचं त्या बायकांसमोर, मला बोलता आलं नाही. बायको माझ्याकडे पाहत होती. मी सोनाराला गुळाचा खडा दिला.

सोनारानं दोन्ही कान टोचले. मुलगी रडली, गूळ चोखून गप्प झाली. आईनं तिचं टोपडं पुन्हा कानावर ओढलं, हनुवटीखाली नाडीची गाठ मारली, आणि ती सुटत तर नाही ना, हे दोनदा ओढून पाहिलं.